बिघडलेल्या रोपांचे मोल

किरणांचा मारा केलेले बियाणे म्हटले की आपण दचकतो. वास्तविक त्या पिकात किरणे उरत नाहीत. उरतो जनुकातला बदल.

जपानमध्ये 'फुजिमिनोरी' भातावर गॅमा किरणे सोडून 'रेइमेई' हे बुटके वाण १९६६ मध्ये आले. ते बुटके का, हे २००२ साली उलगडले. जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकासाठी लागणारे जनुकच बिघडले होते. हरितक्रांतीच्या 'आयआर-८' भातातही बिघाड त्याच जनुकात! फ्यूज उडाला की कुठला दिवा कुठल्या तारेवर ते कळते, तसेच हे.

आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांच्याच वाटेने टपोऱ्या दाण्यांचा 'टीजी-१' भुईमूग १९७३ मध्ये दिला. त्याचे कौतुक रास्तच. पण अशा प्रयोगांतली खुजी, पिवळी, उशिरा फुलणारी रोपे निरुपयोगी म्हणून टाकून देणे ही उधळपट्टी होय. त्यांचेही बी नोंदीसह जपायला पैसा मिळाला पाहिजे.