प्रशिक्षणाचा आराखडा कोणाच्या वर्गासाठी?

बीड : दिवाळी सरते आणि धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यासोबत पटावरची मुलेही जातात. काही आजी-आजोबांकडे वा हंगामी वसतिगृहात राहतात. जाणारी मुले हंगाम संपवून परततात, तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. अशा वर्गापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला प्रशिक्षणातून नेमके काय मिळते?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये 'निष्ठा' कार्यक्रम सुरू केला, तो सुमारे ४२ लाख जणांना प्रशिक्षित करण्याच्या उद्दिष्टाने. करोनाकाळात, ऑक्टोबर २०२० पासून, तो 'दीक्षा'वर आला आणि प्राथमिक स्तरासाठी १८ घटकसंच उपलब्ध झाले. पूर्वी राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा उतरंडीने प्रशिक्षण येई व प्रत्येक पायरीवर थोडे सांडत असे. ऑनलाइन पद्धतीने ती गळती कमी केली, हे मान्य करावे लागेल. मात्र देशभरासाठी बेतलेल्या मजकुरात धारूरच्या घाटातील वर्ग कितपत दिसणार?

खासगी उद्योगांत या कामासाठी 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर' नेमतात. तो विषयाचा पंडित असेलच असे नाही. शिकणारा कोण, त्याला आज काय येते, प्रशिक्षणानंतर त्याने काय करून दाखवावे, हे निश्चित करूनच तो मजकुराला हात घालतो. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात १९७५ मध्ये अमेरिकी लष्करासाठी जी पद्धत आखली गेली, तिच्यातही विश्लेषण हीच पहिली पायरी होती. आपल्याकडे आरंभ बहुधा मजकुरापासून होतो आणि शेवट प्रमाणपत्राने. (प्रश्नमंजूषेची उत्तरे मोबाइलवर कशी फिरतात, हे शिक्षकांनाच विचारावे.)

या जिल्ह्यासाठी वेगळा घटकसंच करायचा तर त्याचा विषय उघड आहे: मध्येच गेलेले मूल परतल्यावर त्याला कोठून शिकवावे. किती वाचता येते हे दहा मिनिटांत कसे पाहावे, कारखान्याजवळच्या शाळेला पाठवायची नोंद कशी असावी, उरलेल्या दोन इयत्ता एकत्र कशा बसवाव्यात. त्याची परीक्षाही वर्गातच घ्यावी लागेल.

यासाठी दिल्ली वा पुण्याकडे पाहण्याचे कारण नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अंबाजोगाईलाच आहे. तिने स्थलांतरग्रस्त गावांतील मोजके शिक्षक आराखडा करताना सोबत बसवले आणि हे काम टोळ्या निघण्यापूर्वी, सप्टेंबरातच उरकले, तर त्याच हंगामात ते वर्गात तपासता येईल.