मैदानाला पैसा आहे, जागा कुठाय?

पहाटे गडचिरोलीच्या कोणत्याही रस्त्यानं निघा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी डांबरावर धावताना दिसतील. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. मागून ट्रक येतो, ती कडेला होतात, पुन्हा धावतात.

पैसाच नाही म्हणावं तर तसंही नाही. तालुका क्रीडा संकुलाची अनुदान मर्यादा 2022 साली 1 कोटीवरून 5 कोटींवर गेली. बल्लारपूरजवळ विसापूरच्या संकुलात डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही झाल्या. पण सिरोंचाच्या पोरानं सरावाला रोज विसापूर गाठायचं का? त्याला जिल्ह्याचं ठिकाणच 200 किलोमीटरच्या आसपास पडतं!

खरं घोडं जागेपाशी अडतं. 400 मीटरच्या धावपट्टीला दीड हेक्टरहून जास्त सपाट जागा लागते, अन् इथं गावाच्या शिवेला लागूनच जंगल. वनहक्क कायदा 2006 ग्रामसभेच्या शिफारशीनं 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन 13 सोयींसाठी देतो. त्यात शाळा आहे, दवाखाना, रेशन दुकान, रस्ता, तलाव आहे. खेळाचं मैदान मात्र नाही! मग उरते 1980 च्या वन कायद्याची वाट, तीही थेट केंद्रापर्यंत.

राहिली आश्रमशाळांची मैदानं. शाळा सुटली की फाटकाला कुलूप, हे तुम्हीही पाहिलं असेल. मुख्याध्यापकांचंही चुकत नाही. मुली तिथं निवासी राहतात, जबाबदारी त्यांच्यावर. पण पेसा ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेचे 5 टक्के थेट मिळतात. त्यातून कुंपण अन् मैदानापुरतं वेगळं फाटक करायचा ठराव येत्या ग्रामसभेत तुम्हीच मांडू शकता.