प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा...

इंदूरमधील फूटी कोठी परिसरात ३१ मे २०२४ रोजी योग शिबिराच्या मंचावर एक निवृत्त सैनिक हाती तिरंगा घेऊन देशभक्तिगीतावर नृत्य करीत होते. नृत्य चालू असतानाच ते कोसळले. हा सादरीकरणाचाच भाग असावा, अशा समजुतीने प्रेक्षक टाळ्या वाजवीत राहिले. खरा प्रकार ध्यानात आल्यावर त्यांच्या छातीवर दाब देण्यात आला, रुग्णालयातही नेण्यात आले. परंतु प्राण वाचले नाहीत. त्याच वर्षीच्या जानेवारीत याच शहरात स्पर्धा परीक्षेचा अठरा वर्षांचा विद्यार्थी शिकवणीच्या वर्गात बसल्या जागी कोसळून दगावला.

वेळीच उपचार मिळते तर हे दोघे वाचले असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मात्र दोन्ही ठिकाणी भोवती माणसे होती. अशा वेळी उणीव असते ती माणुसकीची नव्हे, ओळखण्याची.

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी तुंबते. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. हृदयक्रियाच बंद पडली, तर माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. छातीदाब न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. सुरुवातीस रुग्ण थांबून थांबून आचके देतो. त्यालाच श्वास समजून लोक वाट पाहत बसतात. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसताच १०८ क्रमांकावर कळवावे आणि छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत वर येऊ द्यावी. सामान्य नागरिकांसाठी भारतीय तज्ज्ञांनी २०१७ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत तोंडाने श्वास देण्याची अट नाही.

दुसरा अडथळा भीतीचा. ‘काही बरेवाईट झाले तर?’ मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीचे संरक्षण रस्ता अपघातांपुरते आहे. तथापि, संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तीच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीस भारतीय न्याय संहितेचे कलम ३० मर्यादित संरक्षण देते. हे लोकांना ठाऊक करून देणे सरकारचे काम आहे.

डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत आणि पुढच्या वर्षी वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचे केले. अन्य सुधारणाही झाल्या. २००१ मध्ये सुमारे २१ टक्के रुग्णांना जवळच्यांकडून छातीदाब मिळत असे. २०१० मध्ये ते प्रमाण ४५ टक्क्यांवर गेले. महिनाभर जगणाऱ्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्के झाले. भारतातही ६ डिसेंबर २०२३ रोजी देशव्यापी प्रशिक्षण झाले. पण एका दिवसाच्या सोहळ्याने हात सरावत नाहीत.

गोव्यात १०८ सेवा २००८ पासून आहे. तरीही फेरीबोटीवर विसंबलेल्या दिवाडीत वा सत्तरीच्या आडगावात रुग्णवाहिका चार मिनिटांत पोहोचेल, ही अपेक्षा अवाजवी ठरते. छोट्या राज्याला शाळा, पंचायती आणि वाहन परवान्याच्या कार्यालयांतून घराघरांत पोहोचणे तुलनेने सोपे आहे. जत्रा, फेस्त, फुटबॉल सामने यांना परवानगी देताना प्रशिक्षित स्वयंसेवकांची अट घालून याचा आरंभ करता येईल.