तळ्याकाठची बाग कोणाला विचारून?

गावाच्या तळ्याकाठी बाग होणार, ही बातमी आपल्याला बहुतेक वेळा फलकावरून कळते. फलकावर निधीची रक्कम असते, पाच-सहा हसरे चेहरे असतात आणि 'सुशोभीकरण' हा शब्द असतो. पंधरा दिवसांत जेसीबी येतो. मग पेव्हर ब्लॉक, लोखंडी रेलिंग, खुली व्यायामशाळा, कारंजे आणि 'आय लव्ह' असे लिहिलेला सेल्फी पॉइंट. तळे कुठलेही असो, यादी तीच. ती तळ्याच्या काठावर बसून कोणी केलेलीच नसते, मग वेगळी होईल कशी?

बाग होऊ नये, असे मी म्हणत नाही. ढोकीसारख्या गावाला बाग हवीच. तेरणा कारखान्यामुळे ज्या गावाचे नाव चारही जिल्ह्यांत पोहोचले, तिथे संध्याकाळी बाईमाणसाने पोरांना घेऊन कुठे बसावे, याला सरळ उत्तर नाही. पुरुषांना हॉटेल आहे, पार आहे, मशिदीचा ओटा आहे. बायकांना घराचा उंबरा. त्यातही आमच्या मोहल्ल्यांत घरे खेटून, गल्ल्या अरुंद आणि मोकळी जागा म्हणाल तर कब्रस्तान. त्यामुळे पाण्याकाठी झाडाखाली बसायला मिळणे ही चैन नाही. प्रश्न एवढाच आहे की ती बाग कोणाला विचारून करायची आणि केव्हा विचारायचे.

आपल्या घरात मुलीचे लग्न ठरते तेव्हा आधी मशवरा होतो. चाचा, मामू, मोठी आपा, सगळ्यांना विचारले जाते. तारीख धरून, हॉलला बयाणा देऊन मग कोणी 'तुमचे काय मत?' असे विचारले, तर त्याला मशवरा म्हणत नाहीत, दावत म्हणतात. सार्वजनिक कामात मात्र आपण दावतीलाच मशवरा समजत आलो आहोत. आराखडा तयार, अंदाजपत्रक मंजूर, ठेकेदार ठरलेला, आणि मग ग्रामसभेत एक ओळ वाचून दाखवली जाते. हात वर होतात. झाले लोकमत.

आधी विचारले नाही तर काय होते, याचे सर्वांत महागडे उदाहरण मुंबईत आहे. पवई तलाव 1891 साली बांधला गेला. त्याच्या काठाने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करायचे मुंबई महापालिकेने ठरवले. सायकल चालवावी, चालायला जावे, यात वाईट काय? पण ट्रॅकसाठी तलावाच्या पात्रातच दगड पडू लागले. त्या तलावात मगरी आहेत, काठाला पक्षी आहेत, पाण्याची स्वतःची हद्द आहे. आयआयटीतले विद्यार्थी आणि एक पर्यावरण संस्था उच्च न्यायालयात गेली. 6 मे 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांवर बोट ठेवून हे काम बेकायदा ठरवले, ते थांबवायला सांगितले आणि टाकलेले सगळे काढून जागा पूर्ववत करायचा आदेश दिला. म्हणजे टाकायला पैसे, काढायलाही पैसे. दोन्ही आपलेच.

पवईला निदान कोर्टात जाणारे लोक होते. आपल्या तळ्यांसाठी कोण जाणार? म्हणून आपल्याकडे काम आधीच करायला हवे.

मराठवाड्यातले बरेच पाझर तलाव 1972 च्या दुष्काळातले आहेत. लोकांनी भाकरीसाठी डोक्यावर माती वाहून ते उभे केले. त्या मातीत आपल्या दादा-दादींचाही घाम आहे. हे तलाव नुसते पाणी साठवत नाहीत. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीत काही कुटुंबे गाळपेर करतात. कोणी मासे धरतो, कोणी म्हशी धुतो. पोळ्याला बैल तिथेच अंघोळीला जातात. गौरी-गणपती तिथेच जातात. आणि मोहरमच्या दहाव्या दिवशी आमच्या भागातले अनेक ताबूत तिथेच थंडे होतात. ताबूत खांद्यावर घेणाऱ्यांत मराठे, धनगर, मातंग सगळे असतात, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

आता या काठावर कमरेएवढे रेलिंग उभे करा आणि आत गुळगुळीत फरशी घाला. म्हशी कुठून उतरणार? बैल कुठे धुणार? गणपती रेलिंगवरून उचलून टाकायचा का? ताबूत गेटमधून वाकवून न्यायचा का? बरे, गाळपेरीच्या पट्ट्यातूनच ट्रॅक गेला तर त्या कुटुंबाचे पीक गेले. हे प्रश्न कार्यालयात बसलेल्या अभियंत्याला सुचत नाहीत. त्याची नियत खराब असते असे नाही. त्याला दिसतो तो नकाशा. नकाशावर तळे निळे आणि काठ रिकामा दाखवलेला असतो. काठ कधीच रिकामा नसतो, हे सांगणारा माणूस खोलीत असावा लागतो.

पण खोलीत नेमके कोण असते? ज्याला वेळ आहे, बोलायची सवय आहे आणि ज्याला सरपंच नावाने ओळखतो, तोच सभेला येतो. त्याने मागितलेली बाग त्याच्याच कामाची होते. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात 1996-97 मध्ये बागांचा अभ्यास झाला. नऊ वर्षांनंतर मुली बागेत यायच्या जवळपास बंद होतात, मुले मात्र येत राहतात, असे त्यात दिसले. मुलींना खेळायचे नव्हते असे नाही. मोकळी जागा एकच होती, तिथे मुले फुटबॉल खेळत आणि मुली काठाला सरकत सरकत घरी जात. 1999 मध्ये शहराने दोन बागांची रचना बदलली. एका मोठ्या मैदानाऐवजी छोट्या छोट्या जागा केल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, वाटा आणि दिवे वाढवले. मुली परत आल्या. मुलांना कोणी हाकलले नाही.

व्हिएन्ना दूर वाटत असेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या मुलींना विचारा. तळ्यावर का जात नाही? उत्तरे साधी असतील. तिथे दिवा नाही. पानटपरीसमोरून जावे लागते. संडास नाही. बाकडी सगळी रस्त्याकडे तोंड करून आहेत, बसले की येणारे-जाणारे बघतात. यातल्या एकाही गोष्टीला कारंज्याइतका खर्च येत नाही. पण ही उत्तरे ग्रामसभेच्या माइकवर कधी येत नाहीत, कारण उत्तरे देणारी तिथे नसते. मुंबईतल्या तीन अभ्यासकांनी 2011 मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिले. बाईला काही काम नसतानाही बाहेर नुसते बसता आले पाहिजे, तोही तिचा हक्क आहे, असे त्यात मांडले आहे. त्या तिघींपैकी एक समीरा खान. 'काम काय तुझे बाहेर?' हा प्रश्न आमच्या घरांत मुलींना जितक्या वेळा ऐकावा लागतो, तितक्या वेळा तरी या पुस्तकाची आठवण काढायला हवी.

सभेला न येणारे आणखी एक कुळ आहे, पक्ष्यांचे. छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाजाजवळचा जुना तलाव आज पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या नावाने ओळखला जातो. मराठवाड्यातल्या एका सरोवराला या माणसाचे नाव आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावा. पण त्या काठावर माणसांसाठी बाग आणि बोटी हव्यात की पक्ष्यांसाठी शांतता, यावर शहरात वर्षानुवर्षे वाद झाला. दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून तळ्याचा एक काठ माणसांचा आणि एक काठ पाखरांचा, हे आराखड्याच्या पहिल्याच दिवशी ठरवावे. एका बाजूला दिवे, बाकडी, पोरांचा गोंधळ. दुसऱ्या बाजूला बाभळी, पाणकणीस, गाळ आणि अंधार. गाळ पाहिला की आपल्याला घाण वाटते. पाणपाखरांचे ताट तिथेच मांडलेले असते.

कायदा आपल्या बाजूने आहे, हेही लक्षात घ्या. गावाच्या विकास आराखड्यात काय घ्यायचे, हे ग्रामसभेत ठरते. 'आमचा गाव, आमचा विकास' हा उपक्रम 2015 पासून त्यासाठीच आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. म्हणजे मोठ्या गावातही अवघे 100 लोक. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते. मग पंधरा माणसांनी मंजूर केलेली बाग सगळ्या गावाची इच्छा म्हणून कागदावर चढते.

इथे मला माझ्याच लोकांशी थोडे कडक बोलायचे आहे. 'आमच्या मोहल्ल्यात काही होत नाही' ही तक्रार मी चहाच्या प्रत्येक टेबलावर ऐकतो. ती खोटी नाही. निधी वाटताना आमची गल्ली शेवटी आठवते, हा अनुभव आहे. पण जुम्याला मशीद भरते, त्यातले किती जण ग्रामसभेला जातात? आपला माणूस निवडून दिला की आपले काम संपले, असे आपण धरून चालतो. आपण गेलो नाही की आपली गरज कोणाच्या वहीत येत नाही, आणि वहीत नसलेली गरज अंदाजपत्रकात येत नाही. आपल्याला वगळले गेले, हे सिद्ध करायलासुद्धा आधी तिथे हजर असावे लागते. जुम्याच्या नमाजनंतर मय्यतीचे, निकाहचे एलान होतात. ग्रामसभेचेही एक एलान व्हायला काय हरकत आहे? आणि महिला सभेला घरातल्या बायकांना 'जा' म्हणायला कोणाची परवानगी हवी?

तळ्यावर बाग करायची असेल तर सुरुवात कोऱ्या कागदाने व्हावी. गावातल्या दहा-बारा जणांनी आठवडाभर तळ्यावर थांबावे. पहाटे कोण येते, दुपारी कोण, संध्याकाळी कोण, एवढे लिहून काढावे. म्हशीवाला, मच्छीमार, गाळपेर करणारे कुटुंब, शाळेतली मुले, शुगरमुळे डॉक्टरने चालायला सांगितलेली खालाजान, प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारावेत. इथले काय मोडू नये? इथे काय कमी आहे? पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. सुशोभीकरणात सगळ्यात जास्त नुकसान होते ते 'काय मोडू नये' हे कोणी न विचारल्याने.

त्याच वेळी तळे कोणाच्या मालकीचे, हे विचारून घ्यावे. ग्रामपंचायतीचे, जिल्हा परिषदेचे की जलसंधारण विभागाचे? पुष्कळ वेळा ग्रामपंचायत ठराव करते आणि भिंतीला हात लावायचा अधिकार दुसऱ्याचाच निघतो. पाणी पूर्ण भरल्यावर कुठपर्यंत येते, ती रेषा चुन्याने आखून घ्यावी. त्या रेषेच्या आत सिमेंटची एक पाटीही पडू नये. आणि तिसरी गोष्ट, दिव्याचे बिल आणि झाडलोट कोण करणार, हे ठरावातच लिहून घ्यावे. खुल्या व्यायामशाळेची गंजलेली यंत्रे कितीतरी गावांत उभी आहेत. त्यांच्या उद्घाटनाचे फोटो मात्र अजून चकचकीत आहेत.

पैसे लोकांच्या सल्ल्याने खर्च करणे हे स्वप्न नाही. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 पासून बजेटचा एक भाग नागरिकांच्या बैठकांत ठरवायला सुरुवात केली. पुणे महापालिका 2006-07 पासून प्रभागातल्या छोट्या कामांसाठी नागरिकांच्या सूचना मागवते. पुण्यातही सूचना देणारे थोडे आणि नाराज जास्त, हे खरे. पण खिडकी उघडी आहे आणि ज्यांनी अर्ज भरला त्यांचे बाकडे, त्यांचा दिवा, त्यांचा फुटपाथ झाला, हेही खरे.

आपल्याकडे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. पुढची तारीख फार लांब नसेल. तोवर आपापल्या गावच्या तळ्यावर एक चक्कर मारा, घरातल्या बायकांना आणि पोरींना विचारा, एका कागदावर चार ओळी लिहा, दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर ग्रामपंचायतीचा पोच शिक्का घ्या. ग्रामसभेत तो कागद मोठ्याने वाचा आणि प्रोसिडिंगमध्ये नोंद झाल्याशिवाय उठू नका. बाग त्यानंतर होऊ द्या.