नांव बदललें म्हणून व्याज गेलें काय ?

धर्माचा बँकेशीं, दवाखान्याशीं आणि न्यायालयाशीं संबंध काय, असा प्रश्न सुशिक्षित मंडळींत निघाला म्हणजे दोन ठराविक उत्तरें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, व्याज निषिद्ध मानणें म्हणजे मध्ययुगांत परत जाणें होय. दुसरा म्हणतो कीं, इस्लामी बँकिंग हेंच आधुनिक भांडवलशाहीच्या सर्व दुखण्यांवर रामबाण औषध आहे. आमचा विरोध दोघांनाहि आहे. पहिल्यानें तत्त्व समजून घेतलेलें नाहीं. दुसऱ्यानें व्यवहार तपासलेला नाहीं.

तत्त्व प्रथम पाहूं. कुराणानें ‘रिबा’ म्हणजे कर्जावरील वाढ निषिद्ध ठरविली, आणि त्याच ठिकाणीं, ऋणको अडचणींत असेल तर त्याला सवड द्यावी, कर्ज सोडून दिल्यास अधिक चांगलें, असा उपदेश केला. यांतील मर्म उघड आहे. पीक बुडो, गलबत बुडो, धनकोचा लाभ मात्र ठरलेला, हा करार न्याय्य नव्हे. म्हणून इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनीं ‘मुदारबा’ मान्य केला : एकाचें भांडवल, दुसऱ्याचे श्रम, नफा ठरलेल्या प्रमाणांत दोघांचा, पण भांडवल बुडाल्यास तोटा भांडवलवाल्याचा. ही दृष्टि आम्हांला परकी नाहीं. एका वेळीं मुद्दलापेक्षां अधिक व्याज वसूल करतां येऊं नये, हा दामदुपटीचा नियम आमच्याच धर्मशास्त्राचा. १८७५ सालीं सुप्यापासून सुरुवात होऊन पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, आणि त्यानंतर १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा आला. त्या लोकांच्या वंशजांनीं व्याजाच्या निषेधाला हंसावें, हें शोभत नाहीं.

परंतु तत्त्व थोर असलें म्हणून त्याच्या नांवानें चाललेला प्रत्येक धंदा थोर ठरत नाहीं. १९६३ सालीं ईजिप्तमधील मीत घम्र येथें अहमद अल्-नज्जार यांनीं बचतपेढी काढली, ती लहान माणसांसाठीं होती. १९७५ सालीं जेद्दा येथील इस्लामी विकास बँक आणि दुबई इस्लामिक बँक निघाली, आणि तेलाच्या पैशाबरोबर हा व्यवहार जगभर पसरला. आज त्याचें मुख्य साधन भागीदारी नव्हे, ‘मुराबहा’ आहे. एखाद्यास लाख रुपयांचें यंत्र हवें आहे. बँक तें लाखास विकत घेते आणि वर्षानें फेडण्याच्या बोलीनें त्यास एक लाख दहा हजारांस विकते. वरचे दहा हजार व्याज नव्हेत, नफा होय, असें सांगण्यांत येतें. आणि हा नफा किती असावा हें ठरवितांना वर्षानुवर्षें लंडनच्या बाजारांतील व्याजाचाच दर पुढें ठेवण्यांत आला ! ‘तवर्रुक’ नांवाचा प्रकार तर याहूनहि पुढचा. ज्याला रोख रक्कम हवी त्याला बँक एखादा धातु उधार विकते, आणि त्याच्याच वतीनें तो लगेच तिसऱ्याला रोखीनें विकून टाकते. धातु गोदामांतून हलत नाहीं. हलतात ते कागद.

यावर उत्तर असें मिळतें कीं, विक्री धर्मानें मान्य आहे, येथें किंमत एकदा ठरली म्हणजे वाढत नाहीं, आणि उशिराचा दंडहि बहुधा दानधर्माकडे जातो. एवढा फरक खरा आहे व आम्ही तो मान्य करितों; चक्रवाढीच्या फांसापेक्षां तो निश्चित बरा. पण धोका वांटून घेण्याचें काय ? येथें बँक मालाची मालकी क्षणभर घेते ती धोका पत्करण्यासाठीं नव्हे, टाळण्यासाठीं. करारांत शब्दांपेक्षां हेतु व अर्थ पाहावा, हें तत्त्व तुर्की साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या संहितेच्या तिसऱ्याच कलमांत सांगितलें आहे. २००९ सालीं शारजा येथें आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनें संघटित तवर्रुक निषिद्ध ठरविला. म्हणजे आमचा आक्षेप बाहेरच्याचा नाहीं. तो त्या शास्त्राच्या घरांतलाच आहे.

न्यायालयांत तर ही दुटप्पी चाल अधिकच उघडी पडते. बहारीनची शमिल बँक आणि बांगला देशांतील बेक्झिम्को यांचा वाद २००४ सालीं इंग्लंडच्या अपील न्यायालयांत निकालांत निघाला. करारांत शरीयतीच्या तत्त्वांचा उल्लेख होता. कर्जदार म्हणाले, हें केवळ सोंग आहे, आंत व्याजच आहे. बँकेनें इंग्रजी कायद्याचा आश्रय घेतला. करारास एखाद्या देशाचाच कायदा लागूं शकतो, असें ठरवून न्यायालयानें बँकेच्या बाजूनें निकाल दिला. २०१७ सालीं शारजाच्या डाना गॅस कंपनीनें, स्वतःच काढलेले सत्तर कोटी डॉलरचे ‘सुकूक’ रोखे शरीयतीस धरून नाहींत म्हणून बेकायदेशीर आहेत, असें सांगून पैसे देण्याचें नाकारलें. लंडनच्या न्यायालयानें त्याच वर्षीं तो युक्तिवाद अमान्य केला. घेतांना धर्म आठवला, बुडवितांनाहि धर्मच आठवला. मधल्या काळांत तो कोठें होता?

याच शास्त्रानें वैद्यकांत मात्र वेगळें धैर्य दाखविलें आहे. श्वासयंत्रावर छाती हलत आहे, पण मेंदु कायमचा निकामी झाला आहे, असा रोगी जिवंत कीं मृत ? त्याच फिक्ह अकादमीनें १९८६ सालीं अम्मान येथें ठरविलें कीं, मेंदूचें कार्य पूर्णपणें व कायमचें थांबल्याचें तज्ज्ञ वैद्यांनीं सांगितल्यास त्यास मृत मानावें. १९८८ सालीं जेद्दा येथें तिनें अवयवदानास परवानगी दिली, पण अवयव विकण्यास मनाई केली. सर्वच शास्त्रज्ञांस हे निर्णय पटले असें नाहीं. पण विचाराची रीत प्रामाणिक होती. छाती हलते एवढ्यावरून ‘जिवंत’ म्हटलें नाहीं. मग कागद हलतो एवढ्यावरून ‘व्यापार’ कां म्हणावें ?

हा वाद दूरचा नाहीं. २००८ सालीं रघुराम राजन यांच्या समितीनें भारतांत बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. २०१७ सालीं रिझर्व्ह बँकेनें तो विचार सोडून दिला. पाकिस्तानांत २०२४ च्या घटनादुरुस्तीनें १ जानेवारी २०२८ पूर्वीं रिबा शक्य तितका नाहींसा करण्याचें ठरविलें आहे. तेथें नुसत्या पाट्या बदलतील कीं व्यवहार, हें ओळखण्याची कसोटी सोपी आहे. धंदा बुडाला तर तोटा कोणाचा ? ऋणको अडला तर त्यास सवड मिळते काय ? या दोन प्रश्नांचें उत्तर जुनेंच असेल, तर खातेवहीवर कोणतेंहि पवित्र नांव घाला, तें व्याजच होय. आणि उत्तर खरोखर बदललें असेल, तर तें कोणत्या धर्मानें शिकविलें हें न विचारतां आपल्या पतपेढ्यांनींहि तें शिकावें.