विश्लेषण : कंपनीचा दौरा विमानतळावर सुरू होतो की डोंबिवलीच्या दारात?

घोडबंदर रस्त्यावरचे कार्यालय असो, वागळे इस्टेटमधला कारखाना असो की ऐरोलीचा आयटी पार्क. दौरा ठरला की ट्रॅव्हल डेस्कला मिळणारी सूचना वर्षानुवर्षे एकच आहे. मुंबईहून सकाळचे पहिले विमान बघा, आणि स्वस्तातले बघा. गेल्या काही महिन्यांत या सूचनेखालची जमीन सरकली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेल आणि विमान तिकिटांवरचा जीएसटी बदलला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे कोलमडली. २५ डिसेंबरला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कंपन्यांनी प्रवासाचे धोरण नव्याने लिहावे, असे हे दिवस आहेत. ते लिहिताना पहिली दुरुस्ती हिशेबाच्या पद्धतीत हवी : वेळ आणि खर्च विमानतळ ते विमानतळ न मोजता घर ते घर मोजायला हवा.

पहिले विमान स्वस्त कुणासाठी?

डोंबिवलीत राहणारा सेल्स मॅनेजर सकाळी सहाच्या विमानाने बेंगळूरुला निघाला आहे असे समजा. विमानतळावर चारपर्यंत पोहोचायचे, म्हणजे घरातून पावणेतीनला निघायचे. त्या वेळी लोकल बंद असते, त्यामुळे कॅबशिवाय गत्यंतर नाही. कॅब कल्याण-शीळ रस्त्याने ऐरोलीकडे जाणार, किंवा मोठागाव-माणकोली पुलावरून ठाण्यामार्गे. दोन्हीकडे रात्री अवजड वाहनांची गर्दी असते आणि कुठे ना कुठे रस्त्याचे काम सुरू असते. हा माणूस दहाच्या बैठकीत बसतो तेव्हा त्याला उठून आठ तास झालेले असतात. त्याच रात्री अकराला तो मुंबईत उतरला, तर घरी पोहोचेपर्यंत एक वाजतो. दुसऱ्या दिवशी कार्यालयात वेळेवर यावे, ही अपेक्षा असतेच.

कंपनीच्या कागदावर हा दौरा स्वस्त दिसतो. साडेआठच्या विमानापेक्षा तिकीट समजा आठशे रुपयांनी कमी पडले. पण रात्रीच्या कॅबला हजार-बाराशे गेले ते वेगळ्या खात्यात, आणि बुडालेली झोप तर कुठल्याच खात्यात नाही. अंधेरी किंवा विलेपार्ल्यात राहणाऱ्या सहकाऱ्यासाठी तेच विमान खरोखर स्वस्त असेल. दोघांना एकच नियम लावणारे धोरण समान दिसते, पण न्याय्य नाही. यावर उपाय अवघड नाही. कर्मचाऱ्याच्या घरच्या पिन कोडवरून घर ते विमानतळ हा वेळ गृहीत धरायचा, आणि पहाटे पाचच्या आधी घर सोडावे लागत असेल तर ठरावीक रकमेपर्यंत महाग तिकिटाला आपोआप मंजुरी द्यायची. वरिष्ठांची सही मागायला लावू नये. लाजेखातर ती कुणी मागत नाही.

नवी मुंबई विमानतळाने काय बदलते?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या या विमानतळाची पहिल्या टप्प्यातली क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. ठाणेकराला ऐरोलीमार्गे ठाणे-बेलापूर रस्ता, डोंबिवली-कल्याणकराला शीळफाट्याहून तळोजा-कळंबोली रस्ता असे मार्ग आहेत. मुंबईच्या विमानतळाकडे जाताना जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर जो वेळ जातो, तो इथे वाचतो. मात्र शीळफाटा वाचत नाही, हेही तितकेच खरे. रेल्वेने यायचे तर ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बर मार्ग धरावा लागतो. दिवा-पनवेल हा सरळ लोहमार्ग डोळ्यांसमोर आहे, पण त्यावर उपनगरी लोकल धावत नाही. नव्या विमानतळाच्या निमित्ताने तरी हा प्रश्न रेल्वेपुढे जोरात मांडायला हवा होता.

म्हणून सर्वांनी नवी मुंबईकडे वळावे, असे मात्र नाही. सुरुवातीला तिथले वेळापत्रक सकाळी आठ ते रात्री आठ असे बारा तासांचेच होते, आणि उड्डाणांची संख्या व शहरे मुंबईपेक्षा कितीतरी कमी. संध्याकाळचे विमान रद्द झाले तर त्याच रात्रीचे दुसरे मिळण्याची शक्यता मुंबईत अधिक. त्यामुळे ज्या दौऱ्यात वेळेची थोडी सवड आहे तिथे नवी मुंबई आणि ज्या दिवशी पोहोचणे अटळ आहे तिथे मुंबई, असा ढोबळ नियम सध्या चालेल.

एक साधी खबरदारी ट्रॅव्हल डेस्कने घ्यायलाच हवी. बुकिंगच्या अॅपवर मुंबई टाकले की दोन्ही विमानतळांची विमाने एकत्र दिसू शकतात. मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. जाताना एक आणि येताना दुसरे असे तिकीट निघाले आणि गाडी पहिल्या विमानतळाच्या पार्किंगमध्ये राहिली, तर वाचवलेले पैसे तिथेच संपतात. मंजुरीच्या ईमेलमध्ये शहराचे नाव न लिहिता कोड लिहावा.

डिसेंबरच्या गोंधळाने काय दाखवले?

वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली. १ नोव्हेंबरपासूनच्या दुसऱ्या टप्प्यासाठी इंडिगोची वैमानिकांची तजवीज अपुरी पडली आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. इतर कंपन्यांचे दर इतके चढले की सरकारला ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, १५०० किलोमीटरच्या पुढे १८ हजार अशी कमाल भाडी ठरवावी लागली.

देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकाच कंपनीच्या विमानांत बसत असतील, तर तिच्याशी वार्षिक करार करून मिळणारी सवलत ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे ती कंपनी बंद पडली तर आपला माणूस कुठे अडकतो, हे पाहणे. त्या आठवड्यात ज्यांची तिकिटे कर्मचाऱ्यांनी आपापल्या फोनवरून काढली होती, त्या कंपन्यांना आपली माणसे कोणत्या शहरात आहेत हे विचारत बसण्यावाचून पर्याय नव्हता. बुकिंग एका ठिकाणाहून व्हावे, याचे खरे कारण हे आहे. सवलत नंतरची.

विमानाशिवाय काय?

नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, सोलापूर, गोवा. ठाण्यातल्या मध्यम कंपन्यांचे अनेक दौरे याच टापूत असतात. शिर्डी वंदे भारत ठाण्याला थांबते. सकाळी सातच्या आत निघून नऊच्या सुमारास नाशिक रोड, आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. मडगाव वंदे भारत ठाण्याला, सोलापूरची कल्याणला, तर जालन्याहून नांदेडपर्यंत वाढवलेली गाडी या दोन्ही स्थानकांत थांबते. दक्षिण मुंबईतल्या कार्यालयासाठी बेतलेल्या धोरणात या थांब्यांचा विचार नसतो. आपण तो करायला हवा, कारण इथे स्थानक घराजवळ आणि विमानतळ लांब आहे.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता भिवंडी तालुक्यापर्यंत पोहोचला. नाशिक-सिन्नरच्या कारखान्यांसाठी तो सोयीचा आहे. पण दिवसभर काम करून रात्री स्वतः गाडी चालवत परतण्याला धोरणात स्पष्ट मनाई असावी. सरळ, रिकाम्या रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही.

साडेसात हजारांची रेघ

करबदलाचा सर्वाधिक परिणाम हॉटेलच्या मर्यादेवर होतो. दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर आता ५ टक्के जीएसटी आहे, पूर्वी बहुतेक अशा खोल्यांवर १२ टक्के होता. त्यापुढे १८ टक्के. म्हणजे ७५०० रुपयांच्या खोलीचे बिल ७८७५ रुपये, आणि ७६०० रुपयांच्या खोलीचे ८९६८. भाड्यात शंभराचा फरक, बिलात १०९३ रुपयांचा. हॉटेलांशी दर ठरवताना ही रेघ समोर ठेवूनच बोलावे. शिवाय खोली ज्या राज्यात, कर त्या राज्याचा. केवळ महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला बेंगळूरुच्या हॉटेलवरच्या कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. विमान तिकिटाचे मिळते, पण बुकिंग करतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकलेला हवा. इकॉनॉमीवर ५ टक्के कायम आहे. बिझनेस क्लासवर १२ वरून १८ टक्के झाला.

पहाटे तीनची कॅब आणि जबाबदारी

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि सुरक्षेची, वाहतुकीची व्यवस्था मालकाने करायला हवी. ऐरोलीतल्या रात्रपाळीच्या कंपन्यांना हे चांगले ठाऊक आहे. मात्र हीच कर्मचारी दौऱ्यासाठी पहाटे तीनला निघते, तेव्हा ती अॅपवरची अनोळखी कॅब स्वतः शोधते आणि पावती जोडते. पाळीसाठी पाळला जाणारा दंडक दौऱ्यालाही लावावा : ठरलेल्या पुरवठादाराची कॅब, चालकाचा तपशील आधी, आणि रात्री उठून फोन घेणारा एक जबाबदार माणूस. प्रवासातील जोखमीबद्दल आयएसओ ३१०३० हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक २०२१ पासून उपलब्ध आहे. त्याचा गाभाही हाच आहे की, दौऱ्यावर पाठवणाऱ्याची जबाबदारी तिकीट काढून संपत नाही.

ट्रॅव्हल मॅनेजरच नसेल तर?

एमआयडीसीची पहिली वसाहत असलेल्या वागळे इस्टेटमध्ये आणि डोंबिवली एमआयडीसीत बहुतेक ठिकाणी अशी जागाच नसते. तिकिटे अकाउंट्समधली एखादी व्यक्ती काढते आणि तीही इतर दहा कामे सांभाळून. अशा कंपनीला पन्नास पानी धोरणाची गरज नाही. एक पानी नियम पुरे : पहाटे पाचच्या आधी घर सोडायचे नाही, सोडावे लागलेच तर कॅब कंपनीची, नाशिक-पुण्यासाठी आधी रेल्वे, हॉटेल ७५०० च्या आत, सर्व तिकिटे एकाच एजंटकडून. हे पान दर सहा महिन्यांनी पुन्हा वाचावे लागेल. ऐरोली-काटई उन्नत मार्ग आणि ठाण्याच्या मेट्रोची कामे पूर्ण होतील तसे कॅबचे तास बदलतील, आणि म्हातार्डीचे बुलेट ट्रेन स्थानक सुरू झाले की सुरत-अहमदाबादच्या दौऱ्यांचा हिशेब वेगळाच होईल. तोवर त्या हिशेबात शीळफाट्यासाठी अर्धा तास जादा धरलेला बरा.