स्वस्त निविदा, महाग रस्ता

सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळली आणि तळोदा-धडगाव वाट बंद झाली. आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन पती पायी निघाला. रुग्णालय गाठण्यापूर्वीच तिने प्राण सोडला. दरड निसर्गाने पाडली, हे मान्य. पण ज्या जिल्ह्यात रस्ता हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, तेथे रस्त्यांची कामे कशी घेतली जातात, हे समाजाने डोळे उघडून पाहायला नको काय?

अंदाजपत्रक एक कोटीचे आणि निविदा २५ टक्के कमी दराची! म्हणजे तेच काम ७५ लाखांत करून देण्याचे वचन. दरसूचीच्या दरात कंत्राटदाराचा नफा धरलेलाच असतो. तो सारा सोडला तरी एवढी तूट भरून निघत नाही. मग ती भरते कोठून? खडीच्या थराच्या जाडीतून, डांबराच्या प्रमाणातून, रोलरच्या न मारलेल्या फेऱ्यांतून आणि मजुराच्या रोजातून. सपाटीवर हे पाप काही काळ झाकून राहते. अक्राणीच्या चढावर पहिलाच पावसाळा ते उघडे पाडतो. अंदाजपत्रकच फुगवलेले होते, असे कोणी म्हणेल. मग फुगवणाऱ्याला जाब कोण विचारणार?

दुसरे टोक साखळीचे. काम कोणी घ्यायचे ते आधीच ठरते. बाकीचे केवळ स्पर्धेचा देखावा उभा राहावा म्हणून निविदा भरतात. 'ई-निविदा आली, आता हे संपले,' असे सांगणाऱ्यांच्या भाबडेपणाचे नवल वाटते. संगणकाला लिफाफा दिसतो, आदल्या रात्रीची बैठक दिसत नाही. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांत असे संगनमत झाल्याचा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये दिला. पुण्यासारख्या जागत्या शहरात हे घडते, तर मोलगीच्या डोंगरात कोण पाहणार?

प्रामाणिक कंत्राटदाराची बाजूही सांगितली पाहिजे. बयाणा भरा, सुरक्षा ठेव अडकवा, व्याजाने पैसा उभा करा आणि देयकासाठी वर्ष-वर्ष थांबा! थकीत देयकांसाठी राज्यातील कंत्राटदारांना २०२५ मध्येही आंदोलने करावी लागली. सरकारच वेळेवर पैसे देत नसेल, तर सचोटीचा माणूस या व्यवसायात टिकेल कसा? मैदान मग कोणाला मोकळे मिळते, हे सांगायला नको.

आणि आपण? खड्ड्यांवरून सरकारला शिव्या देणारे आपणच त्या कंत्राटदाराची घसघशीत वर्गणी घेतो आणि त्याला व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ देतो. हुतात्मा शिरीषकुमारांच्या नंदुरबारला हे शोभते का?

अटलजींच्या काळात, २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने डोंगराळ व वनवासी भागात २५० लोकवस्तीच्या पाड्यापर्यंत रस्ता नेण्याचे ठरवले आणि पाच वर्षांची देखभाल कंत्राटदारावरच टाकली. ही तरतूद किती जण वाचतात? माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने नागरिकाला कागदांच्या प्रतीच नव्हे, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिला आहे. धडगावच्या एखाद्या रस्त्याचा असा नमुना आपल्यापैकी कोणी कधी मागितला आहे?